पत्रूचा फोटो

आरमोरीच्या शाळेत मराठी शिकवणारी रंजीता तीन वर्षांपासून इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवर लेख लिहायची. मोबदला नाही, कुणी विचारतही नव्हतं. विनोदी नट पत्रू वारला तेव्हा तिनं त्याच्यावरही लेख लिहिला आणि एका जुन्या जाहिरातपत्रकावरचा त्याचा फोटो चढवला. चित्र मुक्त नाही, त्यावर छायाचित्रकाराचा हक्क आहे, पण माणूस हयात नाही, दुसरा फोटो सापडत नाही, असं कारणही दिलं.

आठव्या दिवशी फोटो गायब! कुणा संपादकानं शेरा मारला होता, "पर्यायी मुक्त चित्र मिळू शकते."

रंजीताचं डोकंच फिरलं. "मेलेल्या माणसाले उभं करून फोटो काढू काय?" ती लॅपटॉपवरच ओरडली. लेखावर वाद घालायच्या चर्चापानावर तिनं हेच जरा सभ्यपणे लिहिलं. उत्तर आलं, छायाचित्रकाराचं नावही दिलेलं नाही. ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

रविवारी ती एसटीनं चंद्रपूरला गेली आणि विचारत विचारत जलालुद्दीनभाऊंच्या स्टुडिओत पोचली. फोटो त्यांनीच काढलेला. तिनं मोबाइल पुढं धरताच म्हातारा भडकला.

"मले न इचारता टाकला? माह्यं नाव कुठी हाये?"

"चुकलं, भाऊ. नाव टाकते. मुक्त परवाना लिहून द्याल काय?"

"म्हणजे कोणीबी घेऊन धंदा करू शकते?"

"हो."

"मंग नाई! एका दारूदुकानवाल्यानं हाच फोटो बॅनरवर छापला. पत्रूची बायको इथी बसून रडली. पुन्हा कायले देऊ?"

परतीच्या वाटेवर तिला संपादकाचा राग येत होता, त्या दुकानवाल्याचा येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. न विचारता तर तिनंही घेतला होता.

घरी येऊन तिनं चर्चापानावर सगळं लिहिलं. छायाचित्रकाराचं नाव, त्यांचा नकार, नकाराचं कारण. आणि शेवटी, "पर्याय मिळेल म्हणण्याआधी लेखाची पहिली ओळ तरी वाचायची. माणूस वारला, हे तिथंच लिहिलंय."

पाच दिवस वाद चालला. अखेर मुक्त परवान्याशिवाय, अपवाद म्हणून फोटो परत आला, लहान आकारात, खाली जलालुद्दीनभाऊंचं नाव. तिनं फोन करून कळवलं.

"लहान काऊन केला?"

"मोठा ठेवला तर कोणीबी छापंल, भाऊ."

"मंग राहू दे."

त्याच संध्याकाळी चर्चापानावर तिला ताकीद मिळाली, सभ्य भाषा वापरा. रंजीतानं ती दोनदा वाचली. आपली ती शेवटची ओळ मात्र खोडली नाही.