तीन मोजेपर्यंत दगड

ताता इलारियोन तिंताया यांची आणि माझी ओळख बेचाळीस वर्षांची, आणि त्यातली निदान चाळीस वर्षं आम्ही भांडलोय. माझी टोपली चर्चच्या फाटकाशी. नव्या गाड्यांवर उधळायच्या कागदी पाकळ्या आणि फुलांच्या माळा मी विकते. ताता (वडीलधाऱ्या माणसाला आम्ही अशीच हाक मारतो) नेमके माझ्यासमोर गिऱ्हाइकांना उभं करून फोटो काढतात. "बेनिता, टोपली जरा सरकव, फोटोत येते," हे मी इतक्यांदा ऐकलंय की टोपलीला आता चाकं लावायची तेवढी बाकी आहेत.

तितिकाका सरोवराकाठच्या आमच्या कोपाकबानात रविवारी गाड्यांची रांग लागते. पाद्री बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडतात, मालक चाकांवर बिअर ओततो, फटाक्यांची माळ लागते आणि मग सगळं कुटुंब गाडीपुढे फोटोला उभं राहतं. मागे चुन्यासारखं पांढरं चर्च, वर डोळे दिपवणारं ऊन, आणि पुढे काळ्या गोल टोप्या घातलेल्या बायका. टोपी काढा म्हणायची सोय नाही. आमच्यातली बाई टोपीशिवाय फोटो काढून घेणार नाही, मग तुम्ही काहीही द्या. त्यामुळे चर्च नीट आलं की चेहरे काळेठिक्कर, आणि चेहरे नीट आले की चर्च गायब. तातांच्या वडिलांनी लाकडी पेटीच्या कॅमेऱ्यावर आणि तातांनी रोलच्या कॅमेऱ्यावर या टोपीच्या सावलीशी जन्मभर झटापट केली.

मग त्यांच्या लेकीने, नेलिदाने, फोन पाठवला. ती साओ पाउलोत शिलाई मशीनवर बसते. त्या फोनमध्ये एचडीआर नावाचं बटण निघालं आणि म्हातारा पुन्हा तरुण झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते समजावून सांगत.

"फोन एका दमात तीन फोटो काढतो. एक चर्चसाठी, एक तोंडासाठी, आणि तिसरा त्या दोघांचं भांडण मिटवायला. मग तिन्ही एकावर एक ठेवतो. म्हणून मी म्हटलं की दगड व्हायचं. तीन मोजेपर्यंत दगड."

कोणी हललं, तर त्याच्या शेजारी त्याचीच एक फिकट प्रत उमटायची. एकदा पेरूहून आलेल्या एका बाईच्या तान्ह्या मुलीने मान वळवली आणि फोटोत तिला दोन डोकी आली. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी फाटकातूनच म्हणाले, अगं बाई, पोरीचा आजायु निघाला की. आजायु म्हणजे माणसाच्या आतला जीव. माणूस दचकला की तो बाहेर पडतो आणि मागे नुसतं शरीर उरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती बाई रडायलाच लागली. ताता माझ्यावर असे उखडले की विचारू नका.

"आजायु तुझ्या टोपलीत असेल," ते म्हणाले. "मान हलली, बस. फोनला आजायु कळत नाही."

सातुर्निना, त्यांची बायको, तेव्हा छोट्या छपाई यंत्राशी बसून फोटो पुठ्ठ्याच्या चौकटीत घालत होती. ती हसली आणि मला डोळ्यांनीच म्हणाली, गप्प बस. बोलायची कमी, पण तिच्या एका नजरेत मला गप्प करायची ताकद होती. तशी ती दुसऱ्या कोणातच नाही.

दोन वर्षांपूर्वी कोणा शहाण्याने फटाक्यांची माळ न बघता फेकली आणि ती सातुर्निनाच्या पायाशी फुटली. भाजलं काही नाही. पण त्या दिवसापासून तिचे हात थरथरू लागले, मग मान, आणि मग शब्द हरवू लागले. चौकटीऐवजी फोटो ती ओच्यात घालून बसायची. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, आधीपासूनचाच, फटाक्याशी संबंध नाही. गोळ्या घ्या, पण हा वाढत जाणार. आमच्या जाणत्याने कोकाची पानं टाकून पाहिली आणि म्हणाला, आजायु चर्चपुढे अडकलाय. तातांनी गोळ्याही आणल्या आणि जाणत्याचंही ऐकून घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही दोन्ही केलं असतं.

नेलिदाला दर सणाला आईचा चर्चपुढचा फोटो लागतो. त्या वर्षी तातांनी सातुर्निनाला उभं केलं, तीन मोजले, आणि फोटोत दोन सातुर्निना आल्या. एक टोपीखालची, आणि तिच्या डावीकडे हातभर अंतरावर दुसरी, धुरकट, जायला निघालेली. बटण बंद करून पाहिलं, तर टोपीखाली नुसता काळोख. बिनचेहऱ्याची बायको किंवा दोन चेहऱ्यांची, एवढंच त्यांच्या हातात होतं.

शंभर गिऱ्हाइकांना "मान हलली, बस" सांगणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे तिची टोपी आणि शाल घेऊन रिकाम्या चौकात आला. मी टोपली लावत होते. त्याने घंटी वाजवली, टोपी हवेत हलवली आणि हाक मारली. "ये, सातुर्निना. इथे काय करतेस, घरी चल." तीनदा, अडकलेल्या आजायुला बोलावतात तसं. मग टोपी छातीशी धरून, मागे न बघता घराकडे गेला. माझ्याकडेही पाहिलं नाही. मी पाकळ्या नीट करत बसले, पाकळ्या नीटच होत्या.

त्यानंतर दर रविवारी पहिला फोटो तिचा. तातांना कारण विचारायची कोणाची हिंमत नव्हती, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. मी दर वेळी फोन मागून बघायची. हातभर अंतर वीतभर झालं. मग चार बोटं. आणि मीच, देवा, मीच पहिल्यांदा बोलले.

"ताता, बघा ना. ती परत येतेय."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून आले. चौकातल्या बायकांमध्ये बातमी पसरली. पुढचे चार महिने आम्ही सगळ्या त्या अंतराकडे डोळे लावून बसलो.

आणि एका रविवारी फोटो एकटा आला. एकच सातुर्निना. मागे चर्चची प्रत्येक कौलारू कड, निळं आभाळ, टोपीखाली डोळे, सुरकुत्या, ओठ, सगळं स्वच्छ. जन्मभरात तातांनी काढलेला सगळ्यात चांगला फोटो. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी बिअर उघडली. मी टोपलीतल्या दोन मुठी पाकळ्या तिच्यावर उधळल्या आणि तिला मिठी मारली.

तेव्हा मला कळलं. एक लाल पाकळी तिच्या पापणीवर पडली होती आणि एक ओठांवर, आणि ती त्या झटकत नव्हती. हात थरथरत नव्हते, कारण हात उठतच नव्हते. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मला गप्प करायला तिथे कोणी नव्हतं.

ताता पुढे आले. त्यांनी अंगठ्याने तिच्या पापणीवरची पाकळी काढली, मग ओठांवरची.

"आज मी तिला दगड हो म्हटलंच नव्हतं, बेनिता," ते म्हणाले.

फोटो मात्र बायकांच्या आग्रहाने नेलिदाला आधीच गेला होता. तिचा निरोप लगेच आला. आई किती छान आलीय, आता बरी आहे ना, असं तिने विचारलं होतं. तातांनी तो वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच लिही काहीतरी. तुला बोलता येतं."

मी फोन धरून उभी राहिले. रांगेतली पहिली गाडी हॉर्न वाजवत होती, आणि कोणीतरी मला टोपली सरकवायला सांगत होतं.