माझ्या नावाने बोलणारी

उल्हासनगरहून मावसबहिणीचा फोन आला. "काल नेटवर माझ्याबद्दल असं का लिहिलंस?" तिचा आवाज रडवेला होता. मी तेव्हा नववीत होते. आमच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता, आणि मी कुठेच काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आमच्या भागातल्या, कात्रपच्या सायबर कॅफेत जाऊन तिने सांगितलेलं पान उघडलं. वर्गाच्या फोटोतून कापलेला माझा चेहरा, खाली माझं नाव. ही पानावरची 'मी' मुलींना घाणेरडे टोमणे मारत होती, पोरांना 'भेटायला ये' म्हणत होती. बोलणं मात्र हुबेहूब माझं. मी पान रिफ्रेश केलं तर एक नवी ओळ: 'आज दोन वेण्या घातल्यात मी.' हात आपसूक वेणीकडे गेला. मागे वळून बघितलं. कॅफेत मालकाशिवाय कुणीच नव्हतं.

पोट दुखतंय सांगून चार दिवस शाळा बुडवली. पाचव्या दिवशी वर्गशिक्षिका बाई घरी आल्या. मी सगळं सांगितलं. त्या तशाच मला घेऊन कॅफेत गेल्या आणि पानावरची ओळ न् ओळ वहीत उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी वही उघडली. "हे कुणी लिहिलं ते मी विचारत नाही. वाचून गप्प बसलेल्यांनी उभं राहा."

आधी एक बाक वाजला, दुसरा वाजला. बघता बघता जवळजवळ सगळा वर्ग उभा. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरची मैत्रीण बाईंसमोर रडली. "सुरुवात मी केली, मस्करीत. पण वेण्यांचं मी नाही लिहिलं, आईशप्पथ. पासवर्ड वर्गभर फिरला."

एकूण सात जण निघाले. बाईंनी सगळ्यांच्या पालकांना बोलावलं, त्यांच्यासमोर पान बंद करायला लावलं, मावसबहिणीला फोन करून माफी मागायला लावली. वेण्यांची ओळ मात्र सातांपैकी कुणीच कबूल केली नाही.

मैत्रिणीला बाईंनी पुन्हा माझ्याच शेजारी बसवलं. आम्ही डबा वाटून खायचो, गप्पाही मारायचो. पण हळू आवाजात, कुणीतरी ऐकत असल्यासारख्या.