मुक्ताबाईच्या पत्र्यावरची फिरकी

सत्यमनं रिकामी बॅग आणून खाटेवर टाकली, तेव्हाच मुक्ताबाई समजली. मुकुंदवाडीतली ही पत्र्याची खोली बिल्डरला द्यायची आणि आईला शेंद्र्याकडच्या नव्या फ्लॅटात न्यायचं, हे लेकाचं कधीचंच ठरलं होतं.

"आई, भट्टी झालीय इथं. पोटमाळ्यावर हात ठेववत नाय."

"मिरगापर्यंत थांब. तवर भट्टीच राहिली तर मी आपसूक बॅग भरीन."

दुष्काळाचं वर्ष. टँकर आला तर पाणी, वीज असली तर पंखा. पोटमाळ्यावर तिच्या कुरडयांचे डबे असत. उन्हाळ्यात ते तापत, पावसाळ्यात दमटपणानं कुरडयांना बुरशी धरे. म्हणजे कोंडलेली हवा बाहेर काढायची नड उन्हाळ्यातही आणि पावसाळ्यातही.

शेजारच्या कडुबाचा जन्म कारखान्यांच्या शेडवर पत्रे ठोकण्यात गेला होता. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, पत्र्यात झडप: पाऊस आला की वर चढून लावायची, गेला की उघडायची. दुसरी, शेडवर असते तशी वाऱ्यावर फिरून आतली गरम हवा वर ओढणारी फिरकी.

"झडपेचं माझ्या गुडघ्यांना विचार," मुक्ताबाई म्हणाली. "फिरकी बसव. तिला वीज नको आन् मी बी नको."

फिरकी बसली, गरगर फिरली. खोली मात्र होती तशीच तापली.

"मुक्ते, पत्र्यावर मोर बसवलास गं!" समोरची भागूबाई हसली. "नाचतो नुसता!"

मुक्ताबाईनं अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवलं. लाकडं धुमसायला लागली. राखेनं चुलीचं तोंड बुजलं होतं. तिनं राख ओढली, जाळ धडधडला. मग तिची नजर वर गेली. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी धुळीला कंटाळून तिनंच बुजवल्या होत्या, चिंध्या कोंबून, वरून सिमेंट लिंपून. फिरकी वरून हवा ओढणार, पण खालून आत यायला वाट कुठं होती?

तिनं छिन्नी-हातोडा घेतला.

"धूळ येईल वहिनी," कडुबा म्हणाला.

"येऊ दे. झाडायला हात हायेत. तू जाळी आण, उंदरांना आवतन नाय द्यायचं."

दोन्ही बाजूंच्या फटी मोकळ्या करताना तिचे तळहात सोलून निघाले. अर्धवट काही ठेवलं नाही.

मिरगाच्या तोंडावर सत्यम भर दुपारी आला. बॅग तिथंच होती, रिकामी.

"चढ वर. कुरडयांचा डबा काढ."

तो चढला. खाली येईना.

"काय रे, भाजलास का?"

"गरम हाय," वरून आवाज आला. "पण बसवतंय. पावसात फिरकीतून पाणी आलं म्हंजे?"

"येईल त्या दिवशी ये मला न्यायला."

तो डबा घेऊन उतरला. मुक्ताबाईनं कुरडया त्याच बॅगेत भरल्या, चेन ओढली आणि बॅग त्याच्या खांद्याला अडकवली.

"ने. फ्लॅटात तळून खा."