पोटपाणी

मिलिंद पेंडल हिलच्या रेल्वे स्टेशनवर कोसळला आणि तिथेच गेला, त्याला आता सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी शिफ्टला निघाले होते. रडू नंतर आलं, आधी रागच आला. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासणारा हा माणूस, आणि स्वतःच्या छातीतलं दुखणं त्याने झांबेझी नदीच्या ट्रिपहून परतल्यावर दाखवायचं ठरवलं होतं.

युनीत एकत्र शिकल्यापासूनची आमची मैत्री, पुढे नोकरीही दोघांना वेस्टमीडच्या हॉस्पिटललाच. बाकीचे सुट्टीत नागपूरला जात, हा आफ्रिकेतले पाणचिरे बघायला जाई. लांब खालची चोच पाण्यात बुडवून उडता उडता मासे पकडणारा हा पक्षी. सेनेगलपासून झांबेझीपर्यंत मोठ्या नद्यांवर राहतो, पण अंडी घालतो ती नदी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूवर, नुसत्या खळग्यात. टुरिस्टांची एखादी बोट जोरात गेली की लाटेबरोबर घरटं साफ. कुठे किती घरटी, किती वाहून गेली, हे मिलिंद दर मोसमात एका नव्या वहीत लिहायचा. आमच्या इथल्या मराठी लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. शोकसभेत तेच लोक त्याला 'थोर पक्षिमित्र' म्हणत डोळे पुसत होते. माझं डोकंच फिरलं, मी मधूनच उठून आले.

पुढच्या आठवड्यात त्याची खोली रिकामी करायची होती. त्याचा फ्लॅटमेट हर्षल याचा फोन आला, तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. "ताई, अकरा नोटबुक्स आहेत. सगळ्यांवर 'पोटपाणी' लिहिलंय. बिनमध्ये टाकू?"

"नोकरीचं काहीतरी असेल. टाक," मी म्हणाले.

शनिवारी त्याच्या लॅबमधल्या लॉकरचं सामान हाती आलं. त्यात बारावी वही होती, गेल्या मोसमाची. वर 'पोटपाणी'. आत पहिल्याच पानावर... 'दुपारी वाळू भाजते. पक्षी नदीत पोट भिजवून येतो आणि ते पाणी घेऊन अंड्यांवर बसतो.' हा शब्द सुचला तेव्हा त्याने मला किती खुशीत सांगितलं होतं! मी मोबाइल बघत हो हो म्हटलं होतं. हर्षलवर मी नको तेवढी ओरडले. बिनची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

ती वही आता माझ्या टेबलावर असते. प्रत्येक पानावर शेवटचा रकाना 'कशाने गेलं' असा आहे आणि खाली त्याच्या बारीक अक्षरात बोट, बोट, पूर, बोट. काल शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं, अकरा वह्या. पुढे त्या शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.