एकोणतीस घरांचा एक अर्ज

टीचर आमचे निबंध फाडायच्या. चुका असल्या म्हणून नव्हे, चुका त्यांना चालत. आमच्या बाकावरच्या चौघांनी मिळून 'गावची विहीर' लिहिली तेव्हा त्यांनी तो कागद वाचला नि विचारलं, "यातला तिसरा परिच्छेद आधी वाचला तर काही बिघडतं?" आम्ही मान हलवली, नाही म्हणून. "मग हा निबंध कसला? चार पोरांनी एका कागदावर केलेली गर्दी आहे ही." कागद फाटला, चौघं तासभर उभे. माझा भाग उत्तम होता, तरी मी उभा. त्या दिवसापासून टीचरवर माझा राग होता, आणि खरं सांगायचं तर तो पुरता कधी गेलाच नाही.

अंधेरी पूर्वेला आमचं जुनं गावठाण. क्रुसामागच्या गल्लीत टीचरचं घर. त्यांचे आजे-पणजे इथेच भात पिकवायचे. टीचर रविवारी चर्चमध्ये आणि बाकीचे दिवस मराठी शाळेत. लग्न केलं नाही. बोलणं फटकळ. एकदा माझ्या आईला म्हणाल्या, "तुझा पोरगा हुशार आहे गं, पण एकटाच हुशार आहे." आई चार घरी सांगत सुटली. ती तक्रार होती हे मला फार उशिरा कळलं.

वर्गीकरण शिकवायला त्यांनी वर्गाबाहेरच्या चपला आत आणायला लावल्या आणि म्हणाल्या, "यांचे गट करा." मी मापाप्रमाणे लावल्या, एकदम सुरेख ओळ. समोरच्या घरातली सुनंदा मात्र कुठलीही चप्पल कुठल्याही चपलेशेजारी ठेवत होती. मी हसलो. टीचरनी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "हे तिघं रोज एकत्र येतात. ही दोघं वाटेत भांडतात, पण येतात एकत्रच." टीचर माझ्या ओळीकडे वळल्या. "तू एकत्र ठेवल्यास. तिच्या एकत्र आहेत." सुनंदाला शाबासकी आणि मला पुन्हा राग.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत जे झालं ते. सर्वेक्षणाला आलेली माणसं हातातल्या टॅबवर बोटं फिरवत गल्लीतून गेली. कुणाच्या घरात वाकून बघितलं नाही, की कुणाला जुने कागद मागितले नाहीत. पत्रे दिसले, भिंतीला भिंत दिसली आणि क्रुसामागची आमची एकोणतीस घरं त्यांनी 'झोपडपट्टी' या रकान्यात टाकून दिली. झोपडपट्टी ठरली की बिल्डरला वाट मोकळी. शंभर-दीडशे वर्षांचं गाव एका बोटानं खोडलं. नोटीस लागली, हरकती द्यायला महिन्याची मुदत होती.

टीचर तेव्हा निवृत्त होऊन जमाना झाला होता. त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, अर्ज एकच करायचा, प्रत्येक घरानं एक परिच्छेद लिहायचा आणि स्वतःच्या घराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. शेजारच्या घराबद्दल लिहायचं.

"हे काय भलतंच, टीचर?" मी म्हणालो.

"स्वतःच्या घराबद्दल सगळेच गोड लिहितात. शेजाऱ्याला तुझी मोरी कुठे तुंबते तेसुद्धा माहीत असतं. त्याच्यावर साहेबाला विश्वास ठेवावा लागेल."

चार रविवार ओट्यावर हेच चाललं. आधीचा परिच्छेद मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढच्याला पेन मिळायचं नाही. मी माझं लिहून नेलं तर टीचरनी तेही फाडलं. मी एका मोठ्या कंपनीत दिवसभर रिपोर्टच लिहितो, पन्नाशीला आलोय, आणि ही बाई सगळ्या गल्लीदेखत माझा कागद फाडते! पण हळूहळू त्या अर्जात काहीतरी झालं. एका घराची तुळई दुसऱ्याच्या भिंतीत शिरलेली होती. तिसऱ्याचं पाणी चौथ्याच्या अंगणातून जात होतं, आणि त्यावरून त्यांच्या आज्यांनी भांडून केलेला समझोता पाचव्याच्या पेटीत होता. कुणाच्याही घराला चारी बाजू स्वतःच्या नव्हत्या. हे गाव आहे, हे त्या अर्जात कुठेही लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला दुसरं काही म्हणताच आलं नसतं.

टाइप करून द्यायचं काम माझं. सह्या सुट्या कागदांवर घेऊन झाल्या होत्या. शेवटच्या दिवशी दुपारी कचेरीत गेलो तर खिडकीशी उभा असलेला एक सर्वज्ञ मला म्हणाला, "एक अर्ज म्हणजे एक हरकत, साहेब. एकोणतीस टाका ना, वजन पडतं." मला पटलं. टीचरना फोन करायला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही. वेळ नव्हता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. मला वाटलं, या कामातलं मला जास्त कळतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर मी अर्जाचे एकोणतीस तुकडे केले, ज्यानं जो लिहिला त्याच्या नावावर तो लावला, खाली ज्याची त्याची सही जोडली आणि शिक्के मारून घेतले. घरी येताना स्वतःवर खूश होतो.

सुनावणीला साहेबानं पहिला अर्ज उचलला. सुनंदाचा. "बाई, यात तुमच्या घराबद्दल काहीच नाही. हे तर दुसऱ्याच कुणाच्या मोरीबद्दल आहे." दुसरा उचलला. तिसरा उचलला. मग त्यानं सगळा गठ्ठा एका बाजूला सारला आणि शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "असंबद्ध. सगळे यातच घ्या." त्या माणसाला मी कधी माफ करणार नाही. समोर एकोणतीस घरांची माणसं उभी होती आणि त्यानं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

टीचर उठल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून पूर्ण अर्ज काढला आणि वाचायला लागल्या. "एका अर्जदाराला तीन मिनिटं," कारकून म्हणाला. "चालेल," टीचर म्हणाल्या. "मी थांबेन तिथून पुढची वाचेल. आम्ही एकोणतीस जण आहोत."

तेवढ्यानं सगळं सावरलं असतं. पण आपल्या नावाचा वेगळा अर्ज आहे हे आता प्रत्येकाला कळलं होतं. टीचरची तीन मिनिटं संपली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, माझ्याकडे जुनं लाइट बिल आहे!" दुसरा म्हणाला, "माझं घर पक्कं आहे, याचं पत्र्याचं आहे. याच्यामुळे आमची वाट लागली." ज्यानं चार रविवार शेजाऱ्याच्या तुळईबद्दल प्रेमानं लिहिलं होतं, तो त्याच शेजाऱ्यानं पोटमाळा कसा चोरून बांधला ते साहेबाला सांगत होता. सुनंदा पुढचा परिच्छेद हातात धरून उभी होती, तिला कुणी वाचू दिलं नाही. टीचर खाली बसल्या.

बाहेर आल्यावर मी वाट पाहत होतो की आता त्या चारचौघांत माझी सालटी काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तू आम्हाला सुटं केलंस रे." आणि रिक्षात बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ओरडू नये याचा मला आजही संताप येतो.

हरकती फेटाळल्या गेल्या, आणि बिल्डरची माणसं एकेका घराला वेगवेगळं गाठत फिरली. घर बिल्डरला द्यायच्या करारावर पहिली सही सुनंदानं केली. मी तिला गल्लीत उभं करून नको नको ते बोललो. चौथ्या महिन्यात मीही केली. सात घरांनी मात्र केली नाही, त्यांत टीचर. त्यांना बोरिवलीच्या भाचीकडे जावं लागलं ते गुडघ्यांमुळे, पण किल्ली त्यांनी कुणाला दिली नाही. मी तिथे माफी मागायला गेलो. काय काय बोललो कुणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या या माफीत किती वेळा 'मी' आलं मोजलंस? तुझ्यामुळे काय झालं तेच सांगतोयस. त्या लोकांचं आता कसं चाललंय ते सांग ना." मला माहीतच नव्हतं. मी चिडून उठलो, चहा तसाच टाकून.

त्यानंतर दोन महिन्यांत टीचर गेल्या. चर्चच्या आवारात सगळी गल्ली आली होती. सह्या केलेले भिंतीच्या सावलीला, न केलेले फाटकाशी. मधे पेटी. पाद्री प्रार्थना संपवून थांबले. पेटी उचलायला सहा जण लागतात, आणि कुणी हलेना. सावलीवाल्यांना वाटत होतं, सही न करणाऱ्यांचा मान पहिला. फाटकाशी उभे असलेले या लोकांच्या खांद्याला खांदा लावायला तयार नव्हते. भाची रडायची थांबून सगळ्यांकडे पाहत राहिली.

"अरे, उचला ना!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. फाटकाकडून तिघं आले, आमच्यातून सुनंदाचा मुलगा, माझ्या शेजारचा तावडे आणि मी. उंची कुणाची कुणाशी जुळत नव्हती, पेटी एकीकडे कलत होती, आणि कुणीच कुणाला "जरा हळू" म्हणायला तयार नव्हतं. खड्ड्यापर्यंत जेमतेम तीस पावलं असतील. ती आम्ही कशीबशी चाललो.

माती टाकून झाल्यावर ते फाटकातून गेले आणि आम्ही मागच्या दारानं.