मागच्या ब्रेकचं पेडल कुणी झिजवलं?

...सडा टाकून झाला होता, भाकरी थापून झाल्या होत्या. डबा पिशवीत घातला आणि गाडी बाहेर काढली. मागच्या सोमवारची गोष्ट, सकाळ अगदी रोजच्यासारखीच.

गाडी म्हणजे ह्यांची जुनी मोटारसायकल. हे जाऊन पाच वर्षं झाली. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता मी तिच्यावरूनच वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाते. त्या वाटेला एसटी नाही.

वस्तीच्या उतारावर बैलगाडी आडवी आली. मागचा ब्रेक दाबला तर पाय पेडलवरून सटकला... पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबले. बैलाचं शिंग हातभर अंतरावर होतं.

संध्याकाळी जाऊबाईंना कळलं. "विकून टाक बाई ती गाडी. हातपाय मोडून बसलीस तर कोण करणार हाय तुझं?" त्यांच्या भावाला गाडी हवीच होती. गाडी गेली की माझं वस्तीवरचं कामही गेल्यासारखंच. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

गाडीसोबत मिळालेलं पुस्तक ट्रंकेत होतं. शाळा चौथीत सुटली, वाचायची गोडी नंतर लागली, पण हे पुस्तक कधी उघडलं नव्हतं. त्यातलं चित्र बघत बघत पेडल खोललं.

हातात घेतल्यावर पहिल्यांदाच नीट बघितलं. पाय ठेवायच्या पट्टीवर दाते असतात, ते पार गुळगुळीत झालेले. इतक्या वर्षांत ह्यांच्याच पायानं झिजले असणार... मग नवीन आणावंसं वाटेना.

मंगळवारी सुट्टी टाकून एसटीनं तालुक्याला, मानवतला गेले, पेडल पिशवीत. तिथं एक म्हातारे लेथवाले चाचा आहेत.

"चाचा, नवीन नको. हेच दुरुस्त होईल का?"

"होईल की ताई. वेल्डिंगनं भरतो, वरून नवे दाते पाडतो." त्यांनी पेडल उजेडाकडं धरलं, चष्मा वर केला. "ही गाडी दोघं चालवायलेत काय?"

"नाही, मी एकटीच."

"मग आधी दुसरं कुणी चालवत असंल. हे बघा." पट्टीच्या बाहेरच्या कडेला एक रुंद झीज होती, जुनी, काळी पडलेली. आतल्या कडेला दुसरी... अरुंद आणि चकचकीत. "ही ताजी हाय. पाय लहान, आतल्या कडेलाच पोचायलाय. आन् ताई, खरं सांगा, चालवताना पाय सारखा ब्रेकवरच असतो ना?"

मी ओशाळले. शिकवताना हे म्हणायचे, भीती वाटली की पाय ब्रेकवर ठेवायचा. भीती कधीच गेली, पाय मात्र तिथंच राहिला.

"पाच वर्षं झाली, तिथंच असतो," मी म्हटलं.

"मग लोखंडानं तरी काय करावं!" चाचा हसले. मलाही हसू आलं.

पेडल परत हातात घेऊन मी कितीतरी वेळ बघत राहिले. ज्याला मी ह्यांची खूण समजत होते, त्यातली निम्मी माझीच होती. आणि सोमवारी पाय सटकला तो माझ्याच जागेवरून. वाईट वाटण्यापेक्षा नवल जास्त वाटलं... आपण कुठं कुठं काय झिजवत असतो, ते कुणी उजेडात धरून दाखवल्याशिवाय कळत नाही.

"भरू का?" चाचांनी विचारलं. भरलं की दोन्ही खुणा जाणार होत्या. बाहेरच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हटलं, "भरा."

दुसऱ्या दिवशी पेडल बसवलं, पाय फूटरेस्टवर ठेवला, जाऊबाईंना मागं बसवलं आणि वस्तीच्या उतारावर गाडी तीनदा थांबवून दाखवली.