सशाचा पोळा

भरे गावाजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत यकृतातलं एक एन्झाइम ओळखायला प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, लागायची. त्या काळी ती सहज विकत मिळत नसत. एन्झाइम सशाला टोचायचं, मग त्याच्या रक्तात ती तयार व्हायची. ससे सांभाळणारे मामा गावातलेच. बोलले तर सशांशीच. रक्त काढण्याआधी ते सशाचा कान तळहातांत धरून ऊब देत, म्हणजे शीर वर येई.

एका बैलपोळ्याला मी सगळ्यात चांगल्या सशाचं शेवटचं रक्त काढायला गेले. ते सगळंच काढून घेतात, त्यात ससा मरतो. सशाच्या पांढऱ्या कानावर गेरूचा ठिपका होता, पुढ्यात पुरणपोळीचा तुकडा.

"आज न्हाई, बाई."

"मामा, ससा आहे तो. बैल नाही."

"राबतोय न्हवं? मग आज जू न्हाई ठेवायचं."

मी चिडून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनीच ससा टेबलावर आणला, नेहमीसारखी कानाला ऊब दिली. "काढा आता," म्हणाले. रक्त थांबेपर्यंत त्यांनी कान सोडला नाही. मग ते नळाखाली हात धुवत राहिले. तळव्याचा गेरू लवकर निघेना.